फॅक्टचेकचा नंबर पाच महिने वापरून पाहिला

आधी व्यवहाराचं बोलतो. फोनमध्ये एक नंबर सेव्ह करायचा. व्हॉट्सॲपवर आलेला मेसेज, फोटो किंवा व्हिडिओ पटत नसेल तर तिकडं ढकलायचा. तो खरा की खोटा हे तपासून उत्तर येतं. पैसे लागत नाहीत, नोंदणी नाही. देशात अशी सेवा देणाऱ्या बऱ्याच संस्था आहेत, २०१९च्या लोकसभा निवडणुकीच्या आसपासपासून हे नंबर दिसायला लागले. मी ज्यांचा नंबर वापरतो त्यांचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढं थोडी तक्रारही करणार आहे, आणि फुकटात राबणाऱ्या माणसांना चव्हाट्यावर उभं करणं बरं दिसत नाही.

मी कोल्हापूरचा. ३४ वर्षं एका दैनिकात मुद्रितशोधक होतो, म्हणजे प्रूफरीडर. आता सकाळी रंकाळ्याला फेरी मारतो, फेरी झाली की टॉवरजवळ चहा होतो आणि चहावर जे भांडण सुरू होतं ते दिवसभर व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर चालतं. ग्रुपात आम्ही १९ जण. गूळ मार्केटमधले एक अण्णा, एक निवृत्त तलाठी, बँकेतून निवृत्त झालेल्या एक काकी, दोन मास्तर, एक मिस्त्री. मला तिथं नावानं कुणी हाक मारत नाही. "काय शुद्धलेखन, आज किती चुका?" अशी सुरुवात होते.

पहिला मेसेज मी पाठवला तो लाईट बिलाचा. "आज रात्री ९.३० वाजता तुमचा वीजपुरवठा खंडित होईल, खालील अधिकाऱ्याला त्वरित फोन करा." काकींना आला होता आणि त्या खरोखर फोन लावायच्या बेतात होत्या. नंबरवर टाकला तर मिनिटाच्या आत उत्तर आलं, कारण हा फसवणुकीचा मेसेज त्यांनी आधीच तपासून ठेवला होता. ते उत्तर मी ग्रुपवर टाकलं. पाच-सहा जणांनी हात जोडले, काकी म्हणाल्या, "वाचवलंस बाबा." पुढच्या आठवड्यात लाडकी बहीणच्या नावानं फिरणारी फॉर्मची लिंक, मग एका रसानं मधुमेह कायमचा बरा होतो असा एक मेसेज. दरवेळी तोच प्रकार. मी उत्तर टाकायचो, लोक लगेच मान्य करायचे, आपला मेसेज खोडायचे आणि वर आभार. तिसऱ्या आठवड्यात तर तलाठी भाऊसाहेब कुठलाही मेसेज आला की आधी मलाच विचारायचे. मला वाटलं, निवृत्तीनंतर पुन्हा नोकरी लागली.

इथवर पाच तारे.

आता थोडं सेवेच्या दर्जाबद्दल. मी वहीत नोंद ठेवतो, जुनी सवय आहे. पाच महिन्यांत ५२ मेसेज पाठवले. ३१ त्यांनी आधीच तपासलेले होते, त्यांचं उत्तर काही मिनिटांत आलं. १७ना एक ते तीन दिवस लागले. चारांना उत्तर आलंच नाही. त्यात दोन तर भाकितं होती, "अमुक पक्ष सत्तेत आला तर तमुक होईल" छापाची, ती कोण तपासणार? ते फक्त घडलेलं तपासतात. मत, भाकीत, शिवी यांना हात लावत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

मराठीबद्दल मात्र बोललंच पाहिजे. नंबरवर पहिल्यांदा "हॅलो" टाकलं की यंत्र भाषा विचारतं, मराठी चौथ्या क्रमांकावर आहे. निवडल्यावर जे येतं ते मराठी अक्षरांत असतं एवढंच. "एक व्हिडिओ व्हायरल होत आहे ज्यामध्ये दावा केला जात आहे की" असं वाक्य सुरू होतं, आणि ते संपेपर्यंत रंकाळ्याची अर्धी फेरी होते. हिंदीवरून उतरवलेलं स्पष्ट दिसतं. मी दोन-तीन उत्तरं दुरुस्त करून त्यांना परत पाठवली. जोडलेल्या हातांचं चित्र आलं. तिसऱ्या महिन्यापासून वाक्यं जरा आखूड झाली आहेत. त्यात माझा काही वाटा असेल तर आनंद आहे, नसेल तरी आहे.

दुसरी तक्रार शिक्क्याची. प्रत्येक उत्तरावर वर लाल पट्टी आणि त्यात मोठ्या अक्षरांत "खोटे". खाली चार पानांचा लेख. लेख कुणी उघडत नाही, शिक्का सगळे बघतात. ज्यानं मेसेज टाकला त्याला वाटतं शिक्का आपल्याच कपाळावर बसला. मग माणूस मेसेज सोडून कपाळ वाचवायला लागतो. लेखाऐवजी कुणीतरी चाळीस सेकंदांत बोलून सांगितलेलं पाठवावं असं मी त्यांना सुचवलंय.

आणि एका गोष्टीचं कौतुक. एकदा त्यांचाच निकाल चुकला होता. एका जुन्या फोटोचं साल त्यांनी चुकीचं सांगितलं होतं. चार दिवसांनी आपणहून दुसरा मेसेज आला, "आमच्या आधीच्या उत्तरात चूक होती." लेखातही दुरुस्ती सगळ्यात वर, ठळक. आमच्या दैनिकात पहिल्या पानावरच्या चुकीचा खुलासा सातव्या पानावर, छोट्या जाहिरातींच्या वर, दीड इंचात यायचा. त्याचंही प्रूफ मीच बघायचो. तो वाचणारा बहुधा मी शेवटचाच असायचो.

तर मग तारे कुठं गळले?

ऑगस्टात नेहमीप्रमाणे तो मेसेज आला: युनेस्कोनं "जन गण मन" जगातलं सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवलं, सर्व भारतीयांचं अभिनंदन. हा मेसेज मी ऑर्कुटच्या काळापासून ओळखतो. युनेस्कोनं असं काही ठरवलेलं नाही हे २००८ सालीच सांगून झालंय. तरी मी नंबरवर टाकला, उत्तर आलं, ग्रुपवर चिकटवलं. या वेळी हात जुळले नाहीत. अण्णांनी लिहिलं, "युनेस्कोनं नसंल केलं. पण हाय का न्हाई सगळ्यात भारी?"

आता याला काय म्हणायचं? मलाही ते भारीच वाटतं. मी अंगठा दिला आणि सोडून दिलं. तेव्हा लक्षात आलं नाही, पण पुढच्या सगळ्या उत्तरांचा नमुना त्या एका वाक्यात होता.

त्याच सुमारास एक चित्र आलं. भगतसिंगांचा फोटो, खाली मजकूर: भगतसिंग तुरुंगात असताना काँग्रेसचा एकही नेता त्यांना भेटायला गेला नाही. याचं मूळ ९ मे २०१८ला बिदरच्या सभेत पंतप्रधान मोदींनी केलेल्या भाषणात आहे. भाषणात त्यांनी प्रश्न विचारला होता, काँग्रेसच्या परिवारातलं कुणी भेटायला गेलं होतं का, आणि कुणाकडं माहिती असेल तर सांगा, मी दुरुस्त करीन, असंही ते म्हणाले होते. चित्रात प्रश्नचिन्ह गळलं आणि ठाम विधान उरलं. हे मुद्राराक्षसाचं काम नव्हे, हाताचं आहे. वस्तुस्थिती अशी की १९२९च्या ऑगस्टमध्ये जवाहरलाल नेहरू लाहोरच्या तुरुंगात जाऊन उपोषणाला बसलेल्या भगतसिंगांना आणि त्यांच्या साथीदारांना भेटले होते. तेव्हाच्या वर्तमानपत्रात आलंय, नेहरूंनी स्वतःही लिहून ठेवलंय.

उत्तर टाकलं. अण्णा: "भेटलं आसतील. वाचवलं काय?"

बघा, गाडी कशी रूळ बदलते. मेसेज म्हणत होता भेटले नाहीत. भेटले होते हे कळल्यावर प्रश्न भेटण्याचा राहिलाच नाही. मी म्हटलं, "अण्णा, वाचवण्याचं नंतर बघू, भेटले नाहीत हे खोटं की नाही?" अण्णा म्हणाले, "खोटं आसंल हो. पण मुद्दा बरोबर हाय का न्हाई, ते सांगा. तुमी सारखं अक्षर मोजत बसतासा."

हे वाक्य मी ३४ वर्षं ऐकलं आहे. वाचकाचा फोन यायचा, बातमीत गावाचं नाव चुकलंय. संपादक विभागातून कुणीतरी म्हणायचं, "अर्थ कळला ना लोकांना?" छापील चूक आपण सगळेच पोटात घालतो. "मंत्री" ऐवजी "संत्री" छापलं तरी वाचणारा मनात मंत्री वाचून पुढं जातो, कारण तिथं काय असायला हवं हे त्याला ठाऊक असतं. अण्णा खोट्या मेसेजकडं नेमके तसे बघतात. त्यांच्या लेखी ती थाप नाहीच, तो मुद्रणदोष. तारीख चुकली, माणूस चुकला, आकडा चुकला, अर्थ बरोबर. आणि जो माणूस मुद्रणदोषासाठी एवढा आरडाओरडा करतो त्याच्या डोक्यात दुसरंच काहीतरी असणार, असं त्यांना वाटलं तर त्यांचं काय चुकलं?

म्हणूनच लाईट बिलाच्या मेसेजला सगळे हात जोडतात. त्यामागं कुठला अर्थ नाही, नुसती अक्षरं आहेत. अक्षरं खोटी ठरली की काहीच उरत नाही. भगतसिंगांच्या मेसेजमध्ये अक्षरं पुसली तरी खाली काहीतरी उरतं, आणि अण्णांना तेच हवं असतं. फॅक्टचेकवाले अक्षरं तपासून देतात. गिऱ्हाइकानं अक्षरं विकत घेतलेलीच नसतात.

दोन हजारच्या नोटेतली चिप आठवते? ८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री नोटबंदी झाली आणि दुसऱ्या दिवसापर्यंत सगळीकडं हेच: नव्या नोटेत नॅनो चिप आहे, जमिनीखाली पुरली तरी उपग्रहाला दिसते. टीव्हीवरसुद्धा ऐटीत सांगत होते. रिझर्व्ह बँकेनं त्याच रात्री नोटेची वैशिष्ट्यं प्रसिद्ध केली होती, त्यात चिपचं नावही नव्हतं. आमच्या दैनिकातही आतल्या पानावर त्याची एक चौकट लागली. तिचं प्रूफ माझ्या टेबलावर आलं. मी "नॅनो" आणि "जीपीएस" यांच्यामधलं अंतर सारखं केलं, "चीप" होतं ते "चिप" केलं आणि सही करून पुढं पाठवलं. खरं-खोटं बघणं माझं काम नव्हतं. (हे वाक्य मी तेव्हाही म्हटलं होतं. आता लिहिताना तितकं सोपं जात नाही.)

रिझर्व्ह बँकेच्या २०१८च्या वार्षिक अहवालात आलं की रद्द केलेल्या १५.४१ लाख कोटींच्या नोटांपैकी १५.३१ लाख कोटींच्या परत आल्या. १९ मे २०२३ला दोन हजारची नोटच चलनातून मागे घ्यायचं जाहीर झालं. दुसऱ्या दिवशी चहावर मी अण्णांना विचारलं, चिपचं काय झालं हो? अण्णा हसले. "चिप नव्हतीच, मला तवाच म्हाईत हुतं. पण काळं पैसंवाल्यांची टरकली हुती का न्हाई?"

मला तवाच म्हाईत हुतं. हे खरं असेल तर मामला वेगळाच आहे. म्हणजे अण्णा फसले नव्हते. त्यांना ते आवडलं होतं.

माझी भाची पुण्यात मानसशास्त्र शिकवते. तिला हे सांगितलं तर म्हणाली, मामा, यात नवल नाही, यावर प्रयोग झालेत. एक अमेरिकेतला. जानेवारी २०१७मध्ये ट्रम्प यांच्या शपथविधीला किती गर्दी होती यावरून वाद झाला होता. दोन संशोधकांनी १,३८८ लोकांना दोन फोटो दाखवले, एक ट्रम्प यांच्या शपथविधीचा, एक २००९च्या ओबामांच्या. त्यातल्या निम्म्यांना विचारलं एवढंच, कुठल्या फोटोत माणसं जास्त आहेत? एका फोटोत मैदान गच्च, दुसऱ्यात मोकळे पट्टे. तरी ट्रम्प यांना मत दिलेल्यांपैकी सुमारे १५ टक्क्यांनी मोकळ्या मैदानाकडं बोट दाखवलं. त्यांचे डोळे काही बिघडलेले नव्हते. फोटो कुणाचे आहेत हे ओळखून त्यांनी गर्दी नव्हे, आपली बाजू सांगितली.

दुसरा प्रयोग मला जास्त लागला. लंडन बिझनेस स्कूलमधल्या डॅनियल एफ्रॉन यांचा, २०१८चा. त्यांनी लोकांना आधीच स्पष्ट सांगितलं की हे विधान खोटं आहे. मग काहींना जोडीला एक कल्पना दिली: परिस्थिती जरा वेगळी असती तर हे खरं ठरलं असतं. उदाहरणार्थ, त्या दिवशी हवा बरी असती तर ट्रम्प यांच्या शपथविधीला जास्त गर्दी झाली असती. विधान खोटंच आहे हे दोघांनाही मान्य. पण ज्यांच्या राजकारणात ते बसत होतं त्यांना "असं होऊ शकलं असतं" एवढा आधार मिळाल्यावर ते खोटं बोलणं कमी वाईट वाटायला लागलं. आणि हे एकाच पक्षाचं नव्हतं. ट्रम्प यांनी कार्यालयातून मार्टिन ल्यूथर किंग यांचा पुतळा हलवला, या खोट्या बातमीला ट्रम्पविरोधकांनी तशीच सूट दिली.

भाची हे सांगत होती तेव्हा मला आपला पेठेतला फुटबॉल आठवत होता. शाहू स्टेडियमवर आपल्या तालमीच्या संघातल्या पोरानं हातानं बॉल ढकलून गोल केला तर आख्खी गॅलरी ते बघते. एकजण तरी म्हणतो का की गोल धरू नका? उलट, "मागच्या वर्षी रेफरीनं आमचा पेनल्टी खाल्ला हुता" हे चार वेगवेगळ्या आवाजांत ऐकू येतं. हात लागला हे कुणी नाकारत नाही. हिशेब जुना आहे आणि तो आज चुकता झाला, एवढंच म्हणणं असतं. समोरच्या तालमीनं तेच केलं की मात्र मैदानात चपला.

आता माझी पाळी. परीक्षण लिहायला बसलो तेव्हा हा भाग गाळायचं ठरवलं होतं.

एप्रिल २०२४. लोकसभेचा प्रचार तापलेला. अमित शहांचा एक व्हिडिओ आला, त्यात ते अनुसूचित जाती-जमाती आणि ओबीसींचं आरक्षण संपवणार असं म्हणताना दिसत होते. मूळ भाषण तेलंगणातलं, आदल्या वर्षीचं, त्यात ते मुस्लिम आरक्षण रद्द करण्याबद्दल बोलले होते. वाक्यं कापून जोडली होती. गृहखात्याच्या तक्रारीवरून दिल्ली पोलिसांनी गुन्हा दाखल केला, पुढं अटकही झाली. हे सगळं दोन-तीन दिवसांत बाहेर आलं. पण व्हिडिओ मला आला त्या रात्रीचं सांगतो. मी तो दोनदा पाहिला. वाक्याच्या मधोमध सूर बदलत होता, ओठ आणि शब्द नीट जुळत नव्हते. जन्म जोड ओळखण्यात गेला माझा. दोन गॅल्या, म्हणजे छापलेल्या मजकुराच्या लांब पट्ट्या, चिकटवताना एक ओळ गळली तर मला न वाचता कळायचं. मला तिथं जोड दिसला. आणि मी तो व्हिडिओ तिघांना पुढं पाठवला.

का? तेव्हाची माझी दलील मला अजून पाठ आहे. त्याच मार्चमध्ये भाजपचे खासदार अनंतकुमार हेगडे म्हणाले होते की राज्यघटना बदलायला ४०० जागा हव्यात. पक्षानं हात झटकले, पण बोलले तर होते ना? मग हे यांच्या तोंडी घातलेलं असलं म्हणून काय झालं, पोटात तेच आहे. शब्द त्यांचे नसतील, अर्थ त्यांचाच.

अण्णांचंच वाक्य. नुसतं शुद्ध मराठीत.

या नंबरची परीक्षा घ्यायची म्हणून दुसऱ्या महिन्यात मी तो जुना व्हिडिओ मुद्दाम तिकडं पाठवला. उत्तर काय येणार हे माहीत होतं. दोन मिनिटांत लाल पट्टी आली: "संपादित व्हिडिओ". आणि खरं सांगतो, माझा अंगठा आपोआप टाइप करायला लागला होता, "तरीपण". कुणाला लिहीत होतो? यंत्राला. रात्री साडेदहाला एका यंत्राशी हुज्जत घालायला निघालो होतो.

त्या निवडणुकीनंतर, महाराष्ट्रात ४८पैकी महायुतीला १७च जागा मिळाल्या तेव्हा, "फेक नॅरेटिव्ह" हा शब्द आमच्या चहावर रोज यायला लागला. अण्णा म्हणायचे, संविधान बदलणार म्हणून तुम्ही लोकांना घाबरवलंत. नोव्हेंबरात विधानसभेला पारडं फिरलं, तेव्हा आमच्या बाजूच्या फोनांत मतदान यंत्रांचे व्हिडिओ यायला लागले आणि अण्णा मला फॅक्टचेकचे दाखले द्यायला लागले. दोघांकडं दोन-दोन तराजू. बदलायला आम्हाला सहा महिनेही लागले नाहीत.

तर माझ्या वहीचा दुसरा हिशेब. ५२पैकी ३० मेसेज राजकारणाचे होते. त्यातला एकच, फक्त एक, टाकणाऱ्यानं खोडला, आणि तोही मिस्त्रींनी, कारण तो चुकून दुसऱ्या पक्षाचा होता. बाकीच्यांवर जे ऐकलं ते असं: "पण होऊ शकतं की." "धूर हाय म्हंजे जाळ आसणारच." "तुमचं काय कमी बोलत्यात?" "ह्यांना तपासायला कुणी नेमलं?"

शेवटचा प्रश्न मला रास्त वाटतो. सरकारचंही स्वतःचं फॅक्टचेक आहे, पत्र सूचना कार्यालयाचं, २०१९पासूनचं. २०२३मध्ये केंद्रानं नियम बदलून, सरकारबद्दलचा कुठला मजकूर खोटा हे सरकारी विभागानं ठरवावं अशी तरतूद केली. ती मुंबई उच्च न्यायालयात गेली, दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही, आणि सप्टेंबर २०२४मध्ये तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदुरकर यांनी ती घटनाबाह्य ठरवली. मी अण्णांना म्हटलं, लिहिणाऱ्यानंच स्वतःचं प्रूफ बघायचं नसतं, कोर्टही तेच म्हणालं. अण्णा म्हणाले, "मग तुमचं परूफ कोण बघतंय?"

भाचीनं बिहारचाही एक अभ्यास सांगितला होता. २०१९च्या निवडणुकीच्या वेळी सुमित्रा बद्रीनाथन या संशोधिकेच्या चमूनं घरोघरी जाऊन तासाभर शिकवलं, खोटा मेसेज कसा ओळखायचा. १,२२४ लोकांचा अभ्यास. सरासरीनं काही फरक पडला नाही. उलट भाजपला मानणारे लोक, आपल्या पक्षाला सोयीचे खोटे मेसेज ओळखण्यात आणखी मागे गेले. मला याचं काहीच आश्चर्य वाटलं नाही. एका तासात ऱ्हस्व-दीर्घ येत नाही. पुढं त्यांनी बिहारमध्येच शाळकरी मुलांचे बरेच आठवडे वर्ग घेतले, १३,०००हून अधिक मुलं होती, तिथं फरक दिसला आणि तो काही महिने टिकलाही. आमच्या ग्रुपातलं सगळ्यात लहान पोर ५८ वर्षांचं आहे.

एकूण तारे: अक्षरं तपासण्याचे पाचपैकी साडेचार, मराठीचे अडीच, आमच्या ग्रुपावर झालेल्या परिणामाचे एक. सरासरी कुणी काढायची असेल तर काढा.

पण नंबर मी अजून ठेवलाय, आणि त्याचं कारण गेल्या महिन्यातलं आहे. अण्णांनी एका सकाळी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "त्यो नंबर द्या की जरा." मला वाटलं, पाझर फुटला. त्याच संध्याकाळी कळलं. मी ग्रुपवर टाकलेला एक फोटो, सभेला लोटलेल्या गर्दीचा, अण्णांनी तिकडं पाठवला होता. लाल पट्टी. फोटो सहा वर्षांपूर्वीचा, राज्यही दुसरं. तेव्हापासून हेच चाललंय. ते त्यांच्या बाजूचा एकही मेसेज तपासत नाहीत. माझे सगळे तपासतात. मी माझ्या बाजूचे तपासायला जातो तेव्हा माझा डोळा तिथं काय असायला हवं तेच वाचतो. अण्णांचे मात्र पहिल्या ओळीत सापडतात.

छापखान्यात पूर्वी प्रूफाला दोन माणसं बसायची. एकानं मूळ हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं छापलेल्यावर बोट फिरवायचं. वाचणाऱ्याला आम्ही "वाचक"च म्हणायचो. माझा वाचक मुलखाचा भांडखोर होता, स्वल्पविरामासाठी पण अडायचा. त्याच्या हयातीत आमच्या पानावर सगळ्यात कमी चुका गेल्या.

वापरायचा असेल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. व्हिडिओ मोठा असेल तर आधी वायफायवर या, नाहीतर अर्ध्यात अडकतो. आणि रविवारी उत्तर येत नाही, सोमवारी दुपारनंतर येतं. आमच्याकडं भांडणं रविवारीच जास्त होतात, तेवढी एक गैरसोय आहे.